दाव्याची लांबी

बारक्याच्या आजीनं, म्हातारीनं त्या दिवशी नर्सबाईला कांद्याच्या वाफ्यातच धरलं. तुम्हाला काय जातंय सांगायला, म्हणून. तशी नर्सबाईची काही चूक नव्हती. वजनकाटा खांद्याला अडकवून ती बांधावरनं आली, आणि झाडाला कमरेनं बांधलेला बारक्या बघून तिचं टाळकं फिरलं. दीड वर्षाचं पोर या वयात पळत सुटायला हवं, चढायला-उतरायला हवं, असं तिनं सगळ्यांसमोर सुनावलं.

दावं माझंच होतं. वासरू विकल्यावर खुंटीला लोंबत होतं, मीच आणून दिलं. खोटं कशाला बोलू?

बारक्याच्या आधी म्हातारीच्या सुनेला एक पोरगी होती. दहाव्या महिन्यात चालली, दीड वर्षाची तर वाऱ्यासारखी पळायची. आम्ही बायकांनी तोंड भरून कौतुक केलं. एका दुपारी आम्ही खुरपणीला वाकलेल्या होतो आणि ती मालकाच्या विहिरीत गेली. विहिरीला कठडा नाही. सुगी झाली की बांधतो, असं मालक म्हणाला होता. त्यानंतर तीन सुग्या झाल्या, मेल्याच्या जिभेला काही हाड नाही.

"एक पळालं म्हणून गेलं, बाई," म्हातारी म्हणाली. "हे बसलेलं बरं."

नर्सबाई तडक मालकाच्या ओट्यावर गेली. काय बोलली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ कठड्याच्या विटांची गाडी रिती झाली. सुनेनं त्या विटा हात लावून बघितल्या. मग येऊन तिनं स्वतः दाव्याची गाठ सोडली. मी विहिरीच्या वाटेवर खुरपं टाकून राखणीला बसले.

झाडाभोवती बारक्याच्या पायांनी गवत घासून मातीचा गोल पडला होता. सून गोलाच्या बाहेर, चार पावलांवर उकिडवी बसली आणि तिनं हात पसरले. बारक्या उठला. नीट चालला, लटपटला पण नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गोलाच्या कडेला आला आणि थांबला. कमरेला काही नव्हतं, तरी थांबला. आईकडं हात करून रडायला लागला, पण पाऊल पुढं टाकीना. तिनं खाऊ दाखवला, हाका मारल्या, शेवटी तीच रडायला लागली. पोर होतं तिथंच फतकल मारून बसलं.

"सुटलो गं बाई," म्हातारी म्हणाली. "आता विहिरीचा घोर नाही."

मालक विटा मोजायला आला होता, तो बांधावरनं सगळं बघत होता. हसला.

"जातंय कुठं ते! मग विटा गोठ्याला घेतो. तिकडं जास्त नड आहे."

गाडी भरायला लागली. आम्ही सगळ्या खाली माना घालून खुरपत राहिलो, मीसुद्धा. थू माझ्या जिंदगानीवर.

सुनेनं डोळे पुसले, उठली आणि गोलाच्या आत जाऊन बसली. आई जवळ आली म्हणून बारक्या टाळ्या वाजवायला लागला.