रूपकलीवरचा राजा

आमच्या घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. काढायचं कधी काम पडलं नाही. आलापल्लीच्या जंगलात एका लाकूड ठेकेदाराकडे ते माहूत होते. झिंगू माहूत म्हटलं की अहेरीपर्यंत लोक ओळखत. ठेकेदाराच्या बंगल्यात एक फोटो टांगलेला होता, पण तो रूपकलीचा, म्हणजे हत्तिणीचा. तिच्या सोंडेपाशी ठेकेदार उभा होता.

त्या श्रावणात ओल्या जमिनीवरची थप्पी सरकली, सागाचा ओंडका घरंगळत आला आणि वडील गेले. मी तेव्हा बल्लारशाला मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका ट्रकवाल्यानं निरोप आणला, तेव्हा वैनगंगेला पूर होता आणि आष्टीला नदी ओलांडायचा डोंगा बंद होता. नदीच्या अलीकडे चहाच्या छपरात मी बसून राहिले. पाणी उतरल्यावर घरी पोचले, तोवर राख सावडूनही झाली होती. ओंडका छातीवर पडला, त्रास झाला नाही, असं रामाजीकाकांनी सांगितलं. हे वडिलांचे धाकटे भाऊ. आई काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पण तोंड पाहायला मिळालं नाही, हे मनातून जाईना. मरणाविषयी मी पुष्कळ वाचलेलं होतं. त्यातलं काहीच या एका गोष्टीला पुरलं नाही.

अशात त्या सिनेमाची बातमी आली.

त्याची हकीकत आदल्या उन्हाळ्यातली. मद्रासच्या एका कंपनीला साग-बांबूचं रान आणि हत्ती हवा होता. ठेकेदारानं दोन्ही दिलं. गोष्ट राजपुत्राची होती आणि राजपुत्राचं काम करणारा नट तिकडे फार मोठा होता. पण तो रूपकलीजवळ गेला की तिनं कान पसरावेत आणि त्यानं मागं सरावं, असं चाललं. शेवटी त्याचे कपडे वडिलांच्या अंगावर चढवले. मी सुट्टीत घरी होते. संध्याकाळी वडील अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा क्षणभर मी त्यांना ओळखलं नाही. मिशी नव्हती.

"मले राजा केलं वो, बाई," ते म्हणाले. "डोक्यावर मुकुट, अंगात चमकीचा झगा. रूपकली उभी राहू देईना. मंग सोंडेनं वास घेतला माह्या, अन् म्हने, बस बाप्पा."

"मिशी काऊन काढली ते सांगा ना पोरीले," आई चुलीपासून म्हणाली. "घरचं मानूस गेलं तर काढते मिशी. लोक मले विचारून राह्यले, कोन गेलं म्हनून."

"सांगाचं ना मंग. माहूत गेला, राजा आला."

आई खूप वेळ हसू दाबत भाकरी थापत राहिली. नंतरचे कित्येक दिवस डोक्याचा दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळून वडील गावातून फिरले. पण सिनेमा येणार कधी, हे ते मला दर भेटीत विचारत. सगळा सिनेमा आपल्यावरच आहे असं त्यांनी धरून ठेवलं होतं. कॅमेरा नेमका कुठं ठेवला होता, हे मी कधी विचारलं नाही.

बल्लारशाला माझ्या शेजारी अलमेलूबाई राहत. त्यांचे यजमान रेल्वेत फायरमन होते. रेल्वेतले आणि कागद कारखान्यातले मिळून तमिळ लोक गावात बरेच झाले होते. दसऱ्याच्या आधी अलमेलूबाई धावत आल्या.

"टीचर, वो पिक्चर दिवाली को लगता है! मद्रास में जिस दिन, इधर भी उसी दिन. हमारा लोग फिल्म का पेटी मंगाया, मेल से आता है. तुम्हारा अप्पा है ना उसमें?"

दसऱ्याला मी घरी गेले आणि आईला सांगितलं. वाटलं होतं, ती नको म्हणेल. वर्ष उलटलं नव्हतं, घरात सण करायचा नव्हता. ती विधवा बाई, जन्मात तंबूतल्या टॉकीजची पायरी न चढलेली. तिनं फक्त विचारलं, "तोंड दिसन काय त्यायचं?"

"दिसेल."

"मंग मी येतो."

रामाजीकाका ओसरीवर बसले होते. ते उसळलेच. "भावजय, वर्ष नाई झालं अन् तुमी सिनेमा पाहाले चालले? दिवाळीच्या दिवशी? गाव थुंकन तोंडावर."

"मी सिनेमा पाहाले नाई चालली, भाऊ. त्यायले पाहाले चालली."

"काय पाहानार आहा तिथी? कपड्यावर हालते ते चित्र."

"तरी पाहीन."

काका माझ्याकडे वळले. "तू शिकली-सवरली. तुले तरी समजाले पाह्यजे." ते निघून गेले, पण आम्ही निघालो त्या सकाळी मोटारीच्या थांब्यावर आईचं गाठोडं धरून तेच उभे होते. आईशी बोलले नाहीत. मोटार हलली तरी हात वर केला नाही.

दिवाळीच्या दिवशी दिवेलागणीलाच तंबूसमोर गर्दी लोटली. तिकडच्या पद्धतीनं पहाटेच तेलाची आंघोळ करून, नवे कपडे घालून माणसं आली होती. दाराशी त्या नटाचं माणसापेक्षा मोठं रंगवलेलं चित्र होतं. त्याच्या गळ्यात हार आणि पायाशी फोडलेले नारळ. बायकांच्या बाजूला अलमेलूबाईंनी आमच्यासाठी चटईवर जागा धरली होती. त्या ओळीनं मोगऱ्याचे गजरे वाटत आल्या. मला दिला. आईपाशी त्यांचा हात थांबला आणि पुढे गेला. आईनं स्वतःच पदर पुढे ओढून घेतला. ही एक रीत सांगायला दोघींना भाषा लागली नाही.

दिवे गेले. सुरुवातीला राजवाडा होता, पुष्कळ बोलणं होतं, गाणी होती. मला शब्द कळत नव्हते, गोष्ट कळत होती: चुलता राज्य बळकावतो, राजपुत्र रानात पळतो. आई पडद्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवून बसली होती.

"आले काय?"

"अजून नाही."

मग रान आलं. झाडं मी आधी ओळखली. साग, त्यामागे बांबूचं बेट, आमच्या नाल्याचा उतार. त्या उतारावरून रूपकली पाठमोरी चालत निघाली आणि तिच्या मानेवर मुकुट घातलेला माणूस.

तंबूत जो आवाज उठला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. शिट्ट्या, आरोळ्या. पुरुषांच्या बाजूनं फुलं उडाली. दोघं जण पडद्यापाशी धावले आणि ताटलीत कापूर पेटवून ओवाळू लागले. आई उभी राहिली होती. मागच्या बायका ओरडत होत्या, बसा म्हणत असाव्यात. तिनं हात जोडले.

"डावा खांदा पाह्य," ती म्हणाली. "खालीच आहे."

खराच खाली होता. झगा, मुकुट, सगळ्याच्या आत वडिलांचा तो कललेला खांदा तसाच होता. आता ते वळतील, असं वाटलं. ते वळले, आणि पडद्यावर त्या नटाचं तोंड आलं. मोठं, गोरंपान, हसरं. तंबू पुन्हा उसळला.

आईचे जोडलेले हात तसेच राहिले. ती सावकाश खाली बसली.

"हा कोन?"

"तो नट आहे, आई. राजपुत्र."

"यायच्या जागेवर हा कोन पोट्टा येऊन बसला? आता तं हे होते."

मी तिच्या कानाशी लागून सांगितलं. हत्तीवर आपले बाबा बसले. याचं तोंड नंतर वेगळं घेतलं आणि मध्ये जोडलं. लोकांना वाटतं, तोच बसला आहे. सांगता सांगता मला उमगत गेलं की हे असंच असणार होतं. मिशी काढायला लावली ती बाजूनं कुठं दिसू नये म्हणून.

आईनं जोडलेले हात मांडीवर सोडले.

"मंग त्यायचं तोंड कुठी ठेवलं?"

"घेतलंच नाही."

रूपकली नंतरही आली. नदी उतरताना दुरून, शेवटच्या मिरवणुकीत गर्दीच्या वरून. दर वेळी पाठ. दर वेळी लोकांनी आमच्या वडिलांवर फुलं फेकली आणि जयजयकार त्या नटाचा केला. नटाचं तोंड आलं की आई मान खाली घालायची आणि मला कोपरानं विचारायची, गेला का. मी हो म्हटलं की पुन्हा वर पाहायची. बाकी सिनेमा तिनं पाहिलाच नाही.

बाहेर आलो. अलमेलूबाईंचे डोळे रडून लाल झाले होते, सिनेमातल्या गोष्टीसाठी. त्या पुढे निघून गेल्या. आम्ही दोघी कारखान्याच्या रस्त्यानं घराकडे चालू लागलो. क्वार्टरांच्या कठड्यांवर पणत्या होत्या.

"तुला उगीच दगदग झाली," मी म्हणाले. "माझ्यासाठी आलीस. माझं राहिलं ते राहिलंच. तू तरी शेवटचं तोंड पाहिलं होतंस."

आई थांबली.

"कोनं सांगतलं तुले?"

"म्हणजे?"

"चादर नाई काढू देली मले. रामाजीभाऊ आडवे झाले. म्हने, पाहू नका, भावजय, पाहासारखं काई नाई राह्यलं." ती पदराची कड बोटाला गुंडाळत होती. "पाय पाह्यले मी. पायावरूनच हो म्हटलं."

"काका तर म्हणाले, छातीवर..."

"तसं सांगाले मीच लावलं. तू नदीपल्याड अडकली व्हती, आधीच अर्धी झाली असशीन. अन् मंग सांगाचं राहूनच गेलं."

काका थांब्यावर गाठोडं धरून का उभे होते, ते मला आता कळत होतं. आणि आई कुणासाठी आली होती, तेही. एवढी वाट तुडवून आम्ही दोघी एकच गोष्ट पाहायला गेलो होतो, आणि दोघींना पाठच दिसली होती.

थोडं चालल्यावर मी म्हणाले, "भुवईत खांड होती ना त्यांच्या? फांदी लागलेली."

"व्हती ना. डाव्या भुवईत."

"उजव्या, आई."

"डाव्या."

"मी लहान असताना त्या खांडेत बोट ठेवायची. उजवी होती."

"तू समोरून ठेवत व्हती, म्हनून तुले उजवी वाटे."

"समोरून नाही, मांडीवर बसून. त्यांच्याकडे पाठ करून, हात वर करून."

आई रस्त्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माहं लगन होऊन आली तैपासून समोर बसून वाढलं मी त्यायले. अन् तू मले शिकवतं? नाकावर बारका तीळ व्हता, तो तरी ठाऊक आहे काय तुले?"

"नाकावर नाही, नाकाखाली."

"मिशीत तीळ कुठून दिसला वो तुले?"

"मिशी काढली तेव्हा दिसला."

त्या दिवसांत दुपट्टा गुंडाळून फिरणारा नवरा तिनं किती पाहिला होता, कोण जाणे. मला वाटलं, आता ती मान्य करील. पण तिनं मान हलवली.

"नाई. नाकावरच," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. मी तिच्या बरोबरीनं चालत राहिले आणि पुन्हा म्हणाले, नाकाखाली. तिनं माझं मान्य करू नये, हे असंच चालू राहावं, असं मला वाटत होतं.