पहिला उद्गार

"पंखा बंद कर," एस्तेर म्हणाली. "आणि मागचे, सुरू करा."

मागच्या बाकांवरची पोरं याच हुकमाची वाट बघत होती. मनू घसा खरवडून खोकायला लागला. श्रेयाने तान्ह्या बाळासारखा टाहो फोडला. कोणाचा तरी मोबाइल वाजला, आणि योहानने हनुवटी छातीवर टाकून, चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी बाबुराव पाटोळे उपासनेत घोरतात तस्सं घोरायला घेतलं. समोर खुर्चीवर उभी असलेली संघमित्रा क्षणभर हसली. मग तिने ओठ मिटून घेतले आणि हा सगळा गोंधळ पार करून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती पुन्हा बोलायला लागली.

एस्तेर ओहोळ भिंतीला टेकून ऐकत होती. युक्ती तिचीच. चर्चमध्ये कोणी चिडीचूप बसून ऐकत नसतं, तेव्हा तालीमही गोंगाटातच व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. आठवडाभर ती दादरच्या एका बँकेत काउंटरवर बसून लोकांची बोलणी गोड हसून गिळायची, आणि शनिवारी संध्याकाळी परळच्या या चर्चमागच्या हॉलमध्ये येऊन तरुण संघाच्या पोरांवर मनसोक्त ओरडायची. पोरं घरात कोणाचंच न ऐकायच्या वयातली, पण एस्तेरताईचं ओरडणं त्यांना चालायचं. कारण ती त्यांच्यावर जितकी ओरडायची, त्याच्या दुप्पट त्यांच्यासाठी ओरडायची. योहानला रोज वर्गाबाहेर उभं करणाऱ्या मास्तरांशी ती शाळेत जाऊन भांडली होती, आणि श्रेयाचं कॉलेज सोडवायला निघालेल्या काकांना तिने जिन्यातच गाठलं होतं. मान खाली घालून आलेलं एखादं पोर वर्ष-दीड वर्षात मान वर करून बोलायला लागलं, की तिला इतका आनंद व्हायचा की रात्री झोप लागायची नाही.

यंदा तर तिने गडच जिंकला होता. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला, त्या प्रत्येकावर एक वक्ता बोलतो. आजवर हे सातही वक्ते कोट घालणारे, चष्मेवाले आणि पेन्शनीत निघालेले. त्यातली एक जागा पोरांना द्या म्हणून एस्तेर दर वर्षी कमिटीचं डोकं खायची, आणि यंदा नव्याने आलेल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, हो म्हटलं. कोणता उद्गार कोणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. संघमित्राने उचललेल्या चिठ्ठीत पहिला निघाला, म्हणजे आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी बापाकडे क्षमा मागण्याचा: हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात ते त्यांना समजत नाही.

"मला नको हा," ती तिथल्या तिथे म्हणाली होती.

का नको, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील, राजरत्न तांबे, करी रोडच्या चाळीत राहणारे इलेक्ट्रिशियन, घराणं बौद्ध. सीमाशी लग्न झालं तेव्हा दोघांनी आपापला धर्म आपल्यापाशी ठेवला. मुलीचं नाव वडिलांनी ठेवलं, आणि रविवारी तिचं बोट धरून आई तिला चर्चला घेऊन आली. राजरत्न उपासनेला बसत नसत, पण चर्चचा पंखा कुरकुरला की बाबुराव पहिला फोन त्यांना लावत आणि ते शिडी घेऊन हजर होत. या जानेवारीत छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते गेले. बौद्ध पद्धतीने सगळं रीतसर झालं, अख्खी चाळ लोटली होती. सीमाला फक्त एवढंच हवं होतं, की चर्चच्या चार बायकांनी येऊन तिच्याजवळ बसावं आणि एक गीत म्हणावं. ते विचारायला संघमित्रा स्वतः चर्चच्या फाटकाशी आली होती. राजरत्न सभासद नव्हते, कमिटीला विचारावं लागेल, असं बाबुरावांनी तिला सांगितलं. मागोमाग मंडळीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला की हा आपला कार्यक्रम नाही. मग कोणीच गेलं नाही. एस्तेर तेव्हा बँकेच्या ट्रेनिंगला पुण्यात होती. परत आल्यावर तिने हे ऐकलं, आणि तेव्हापासून बाबुराव नुसते दिसले तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"नको कसा? हाच घे," तिने संघमित्राला बजावलं होतं. "जे वाटतं ते बोल. गोड बोलायला बाकीचे सहा जण आहेत."

आणि पोरगी बोलायला लागली. आधी पुटपुटत, मग रडत, मग न रडता. खिळे ठोकणाऱ्या शिपायांना तो माणूस कोण ते माहीत नव्हतं, पण इथे सगळ्यांना माझ्या पप्पांचं नाव माहीत होतं, असं ती एका शनिवारी म्हणाली, तेव्हा एस्तेरच्या अंगावर काटा आला. त्यापुढचं वाक्य मात्र एस्तेरने स्वतः घातलं होतं. ज्यांच्या डोक्यावर माझ्या पप्पांनी पंखे फिरते ठेवले, त्यांना आमच्या दारात दोन मिनिटं उभं राहता आलं नाही. हे वाक्य आलं की एस्तेर दर वेळी डोळे मिटून घ्यायची.

आजही ते आलं, तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा योहानचं घोरणं थांबलेलं होतं. दारात बाबुराव उभे होते.

त्यांनी पोरांना बाहेर जायला सांगितलं. संघमित्रा खुर्चीवरून उतरली आणि त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बाजूने निघून गेली. मग बाबुराव बाकावर बसले. सत्तरी उलटलेला माणूस, जिना चढून धाप लागली होती. ते ओरडले असते तर एस्तेरला बरं वाटलं असतं. पण ते समजुतीच्या सुरात बोलत राहिले. दिवस कसे आहेत ते तू बघतेसच, म्हणाले. गेल्या वर्षी एका सभासदाच्या घरच्या प्रार्थनेवरून सोसायटीने तक्रार केली, पोलीस येऊन बसले, ते निस्तरायला कोण गेलं होतं? आपण गीतांची पुस्तकं घेऊन बौद्धांच्या घरी मयतीला गेलो असतो, तर उद्या कोणीही उठून म्हणालं असतं की हे लोक मढ्यावरसुद्धा धर्मांतर करतात. सेक्रेटरीला एकट्या सीमाचं बघून चालत नाही, सगळ्यांचं बघावं लागतं.

"शेजारी म्हणून जायला ठराव लागत नाही, काका," एस्तेर म्हणाली. "पुस्तकं घरी ठेवायची होती. रिकाम्या हाताने जायचं होतं."

बाबुराव आपल्या तळव्यांकडे बघत बसले. मग उठता उठता म्हणाले,

"हा राग तुझा आहे, एस्तेर. पोरीच्या खांद्यावर बंदूक ठेवून चालवू नकोस."

तिच्या भाषणातलं ते मयतीचं सगळं काढा, नाहीतर पहिला उद्गार मी दुसऱ्या कोणाला तरी देतो, एवढं सांगून ते गेले. एस्तेरने काउंटरवरचं हसू चेहऱ्यावर आणलं आणि काढते म्हणाली. मनात म्हणाली, काढते तर, वाट बघ.

खाली फाटकाशी संघमित्रा थांबली होती. एस्तेरने तिला बाजूला घेतलं.

"तो म्हणतोय काढा. तू काही काढायचं नाहीस. शुक्रवारी माइक तुझ्या हातात असेल ना? सगळं बोल. पंख्यांचं तर नक्की."

"त्या दिवशी आई येणारे," संघमित्रा म्हणाली. "पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा."

"मग तिच्यासाठीच बोल."

पोरगी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"ताई, तू कधी म्हणून बघितलायस तो उद्गार? मोठ्याने?"

"मला कुठे आलाय चिठ्ठीत?" असं म्हणून एस्तेर हसली. संघमित्रा हसली नाही.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. बायका पांढऱ्या साड्यांत, वेदीवर काळं कापड, फूल एकही नाही. उकाडा मी म्हणत होता आणि वर पंखे गरगरत होते. सीमा शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसली होती, कधीही उठून जाता येईल अशी. बाबुराव पहिल्या बाकावर आणि एस्तेर बरोबर त्यांच्या मागे. ही जागा तिने मुद्दाम धरली होती. त्यांची मान खाली जाताना तिला बघायची होती.

संघमित्रा व्यासपीठावर चढली. हातात काही नव्हतं.

"पहिला उद्गार क्षमेचा आहे," ती म्हणाली. "तो मला दिलाय. मी घरी खूप वेळा म्हणून बघितला. मला जमत नाही."

एक बाळ रडायला लागलं. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"माझे पप्पा गेले तेव्हा माझ्या आईला एक गीत हवं होतं. मी मागायला आले होते. मिळालं नाही. मला अजून राग आहे. मनात राग ठेवून हे वाक्य इथून म्हटलं, तर ते खोटं होईल. म्हणून ज्याला म्हणता येईल त्याने म्हणा. मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबली. माइकपासून एक पाऊल मागे सरून उभी राहिली.

आता पंख्यांचं येईल म्हणून एस्तेर वाट बघत होती. ते येणार नाही हे लक्षात आलं तेव्हा ती आधी संघमित्रावरच भडकली. एवढे शनिवार घालवले, एवढं त्या माणसाशी खोटं बोलले, आणि पोरीने नेमकं धारेचं तेवढं गाळलं. पाळकसाहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. दुसऱ्या उद्गाराचे वक्ते चष्मा पुसत राहिले. पहिला झाल्याशिवाय दुसरा कसा होणार, ते कोणालाच कळेना.

कोणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणजे काय, आपणच, असं एस्तेरला वाटलं. पोर तिथे एकटी उभी आहे, आणि वाक्य तर लहानपणापासून पाठ. तिने तोंड उघडलं. समोर बाबुरावांची मान होती, कॉलरच्या वर पांढरे खुंट आलेले. 'हे बापा' एवढं जिभेवर आलं, पुढचं येईना. तिने तोंड मिटून घेतलं. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांच्या माना खाली होत्या. म्हणणार तरी कोण? ज्यांच्यासाठी ती क्षमा मागायची होती, तेच तर सगळे बाकांवर बसले होते.

मागे बाक करकरला. सीमा उठली होती. मधल्या वाटेने ती पुढे आली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. चला, ही म्हणेल, हिचाच अधिकार. सीमा व्यासपीठाची पायरी चढून लेकीच्या शेजारी उभी राहिली, तिचा हात हातात घेतला, आणि काहीच बोलली नाही.

मग बाबुराव उठले. हा आता माइक ओढून घेणार म्हणून एस्तेर पुढे सरसावली. पण ते पायरीशी येऊन थांबले, वर चढले नाहीत.

"सीमा," ते म्हणाले. आवाज बारीक होता, तरी माइकने तो मागपर्यंत पोचवला. "कोणतं गीत होतं ग ते?"

"तेव्हा हवं होतं, काका," सीमा म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुत्सितपणा तर नव्हताच. बाबुरावांनी मान हलवली. आता ते मागे फिरतील असं वाटलं, पण ते फिरले नाहीत. कठड्याला धरून, मान खाली घालून तिथेच उभे राहिले. अंगाचा सगळा भार कठड्यावरच्या हातावर आला होता. एस्तेरला ते दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. राहू दे उभा, तिच्या मनात आलं. चांगला तीन वाजेपर्यंत राहू दे.

संघमित्रा त्या हाताकडे बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिने आईचा हात सोडला, पाळकसाहेबांच्या बाजूची रिकामी खुर्ची उचलली, पायरी उतरली आणि खुर्ची बाबुरावांच्या मागे आणून ठेवली.

"बसा, काका," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

बाबुराव बसले. ती परत जाऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

हे एस्तेरने शिकवलेलं नव्हतं. तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता, आणि तरी त्या पोरीकडे बघताना तिचा ऊर भरून आला. तिने ओठांतल्या ओठांत तो उद्गार म्हणायला घेतला. अर्ध्यावर अडकली. पुन्हा पहिल्यापासून घेतला.