पाटीवरचे पाणी

मित्रांनो, मी माशांची एक जुनी काचेची टाकी आहे. एका कोपऱ्याला तडा गेला आहे, पण मी गळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काचवाल्याच्या दुकानातून मी कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या दर्शनी दालनात आले. माझ्या डोक्यावर पाटी लागली: 'या टाकीतले पाणी म्हणजे आमच्याच कारखान्याचे शुद्ध केलेले सांडपाणी.' पाहुणे पाटी वाचत, माशांकडे बघत आणि मालकांची पाठ थोपटत. मीही रुबाबात असे.

पाणी मात्र चहाच्या खोलीतल्या नळाचे होते. कारखान्याची समाजसेवेची कामे बघणाऱ्या सामाजिक खात्याच्या बाई ते गुपचूप बदलून घेत. त्यांच्या मनात कपट नव्हते. मासे मरू नयेत, एवढेच त्यांना वाटे.

एकदा एक मोठे गिऱ्हाईक आले. मालकांचा पाटीवर पूर्ण विश्वास. त्यांनी हौसेने फर्मावले, "यांच्यासमोर ताजं पाणी घाला. थेट शुद्धीकरणाच्या यंत्राचं आणा."

बाईंचा चेहरा पडला. "साहेब, आज नको..."

"अहो, रोजचंच तर आहे!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मालकांनी स्वतःच उघडली. पाणी दिसायला नितळ होते, पण पाहुण्यांचा चहा संपायच्या आत मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. बाईंनी धावत जाऊन नळाचे पाणी आणले. एकच मासोळी वाचली, शेपटी झिजलेली म्हातारी. तिला सगळे आजी म्हणत. बाकीचे माझ्याच पोटात मेले. मला फार वाईट वाटले.

"हे पाणी पुढे कुठे जातं?" गिऱ्हाइकाने विचारले. पुढे नाला होता आणि नाल्याकाठी भाजीचे मळे. मालकांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पाहुणे गेल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला.

"मी कापडाचा रंग बघतो. पाणी सामाजिक खात्याचं," रंगमास्तर म्हणाले.

"माझ्याकडे झाडं लावणं नि वह्या वाटणं. पाण्याचं मला कोण विचारतं?" बाई म्हणाल्या.

"रंगाचे सगळे हौद एकदम रिकामे करता, मग यंत्र तरी काय करणार?" यंत्रावरचा माणूस करवादला.

मालकांनी माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली. "चांगलं वागायला वेगळं खातं, वेगळी खोली काढली, तिथंच माझं चुकलं. टाकी रंगखात्यात न्या. बाईंची खुर्चीही तिथंच मांडा. बाहेर जाणारं पाणी आधी या टाकीतून जाईल."

मास्तर चार दिवस फुरंगटून बसले. मग हौद थोडेथोडे रिकामे होऊ लागले, रंगही मोजून पडू लागला. पाणी सुधारल्याची खात्री झाली, तेव्हाच आजी बादलीतून माझ्यात परतली.

आता माझ्यावर पाटी नाही. पाहुणे इकडे फिरकत नाहीत, काचेवर निळे शिंतोडे उडतात. जुना थाट आठवला की कसेसेच होते. पण हौदाची चावी फिरवण्याआधी मास्तर वाकून विचारतात, "काय आजी, सोडू का?" ती खाली शांतपणे फिरत असेल, तरच चावी फिरते.

मित्रांनो, चांगल्या कामाची पाटी तुम्हीही कधीतरी लावाल. लावण्याआधी खालचे पाणी कुठल्या नळाचे आहे, तेवढे बघा. आजीला पाटी वाचता येत नाही.