लच्छूच्या नावानं

माझ्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ब्रह्मपुरीत कोणी विचारलं तर मी "कामावर गेली" एवढंच सांगतो. मग लोक कंपनीला शिव्या घालतात, मशीनला घालतात, सरकारला तर हमखास घालतात. मी ऐकून घेतो. त्या शिव्यांचा खरा धनी त्यांच्यासमोरच चहा पीत बसलेला असतो.

मी नागसेन रामटेके. नेपाळच्या सीमेपासून खाली समुद्राच्या बंदरापर्यंत एक मोठा रस्ता आणि त्याला लागून रेल्वेलाइन नेण्याचं ठरलं होतं. नेपाळला समुद्र नाही. त्यांचा माल आमच्या जंगलातून थेट बंदराला लागावा, असा दोन देशांचा करार झाला होता. त्या कामावर मी लोकसंपर्काचा माणूस होतो. गावात जायचं, बसायचं, पटवायचं. मी झाडीपट्टीतला, बोली माझ्या तोंडात, त्यामुळे कंपनीत माझा मोठा भाव होता. मला सगळं माहीत आहे, हा माझा तेव्हाचा आजार.

कुरखेड्याच्या पलीकडे छत्तीसगडच्या हद्दीला टेकून मुरवंडी नावाचं गोंडांचं गाव आहे. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली अकरा दगड उभे होते, कमरेएवढे, छातीएवढे. गावात माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. रेल्वेची रेष नेमकी त्या दगडांवरून जात होती. गुरुवारी दोन्ही देशांचे अधिकारी जागा बघायला येणार होते. त्याआधी दगड तिथून हलवून तळ्याकाठी उभे करायचे, हे काम माझ्याकडे आलं.

दहा दगड सोमवारी हलले. अकरावा अडला. तो झाडूच्या बापाचा होता.

झाडू माझा माणूस होता. दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याचा अर्धा गाल फाडून काढला होता. मी त्याला जीपमध्ये घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. माझी मांडी त्याच्या रक्तानं भिजली होती. तेव्हापासून तो मला भाऊ म्हणायचा आणि माझा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

"भाऊ, मले हात लावता येत नाई," तो म्हणाला. गालाच्या टाक्यांमुळे त्याचं बोलणं एका बाजूनं यायचं. "बापाच्या दगडाले पोरगा हात नाई लावत. सोयरा लावते. बाकीच्यांचे सोयरे गावातच हायेत, म्हून काम झालं. माया सोयरा लच्छू. थो हद्दीच्या तिकडं रायते."

लच्छू म्हणजे झाडूच्या बहिणीचा, सोमारीचा, नवरा. त्यानंच सासऱ्याचा दगड उभा केला होता.

"आणि तो नाहीच आला तर?"

"त्यानं तोंडानं हो म्हनलं पायजे. मंग त्याच्या नावानं मी हात लावीन. त्याच्या हो-बिगर लावला, तं मीच बापाले घराबाहेर काढलं असं होते. सोयरीक तुटते."

मी मनात हसलो. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते. दगडाला दगड म्हणायचं, हे आमच्या घरातलं बाळकडू. पण आजोबांनी स्वतःचे देव स्वतःच्या हातानं सोडले होते, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला हात लावला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी मी जीप घेऊन लच्छूच्या गावाला निघालो. तीन कोसांचं अंतर. मधल्या नाल्यावरचा रपटा वाहून गेला होता. पुढे तासभर पायी जावं लागणार होतं. वर ऊन मी म्हणत होतं. मी नाल्याकाठी बसून एक बिडी ओढली आणि जीप वळवली. दोन देशांच्या सह्या झाल्या होत्या, आणि मला एक नाला ओलांडायचा कंटाळा आला.

मुरवंडीत येऊन झाडूला म्हणालो, "भेटला लच्छू. हो म्हणाला. तापानं पडलाय, म्हणून येत नाही. तूच त्याच्या नावानं हात लाव म्हणाला."

झाडूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "असं म्हनला?"

"असंच म्हणाला."

त्यानं लगेच मान हलवली. इतक्या लगेच, की मला त्याचा रागच आला.

बुधवारी सकाळी झाडू आणि त्याचे दोन भाऊबंद सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन दगडापाशी आले. कंपनीकडून चंदन थापा आले होते. थापा नेपाळकडचे इंजिनिअर, पन्नाशीचे, कमी बोलणारे. दगडांपाशी येताना ते बूट काढून आले. त्यांनी मला विचारलं, "सब राज़ी हैं ना?"

"सब राज़ी हैं, सर," मी म्हणालो.

झाडू दगडासमोर उकिडवा बसला. "लच्छूच्या नावानं," तो मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं दगडाला हात लावला. मग सब्बल बुडाशी घालून तिघांनी जोर केला. दगड मातीतून सुटला, तिरका झाला. तेवढ्यात पायवाटेवरून कोणीतरी धावत येताना दिसलं.

तो लच्छू होता. कमरेवर उघडा, घामानं निथळत, खांद्यावर कुऱ्हाड. मागून सोमारी पदर सावरत येत होती. आदल्या दिवशीच्या बाजारात त्यांना कोणीतरी बातमी दिली होती.

"कोनाले इचारून काढला?" लच्छू ओरडला.

झाडू सरळ उभा राहिला. त्याला आनंदच झाला होता. "आला? ताप उतरला का?"

"कोनाचा ताप? माया सासऱ्याचा दगड कोनाले इचारून काढला?"

"तुलेच तं इचारलं. तूच हो म्हनला न बाप्पा."

"मी?" लच्छूनं त्याच्या छातीवर हात मारून त्याला मागं लोटलं. "मले कोन भेटलं? कवा भेटलं? कंपनीचं चहापानी पेला अन् माया नाव लावतं?"

"हात नोको लावू, लच्छू." झाडूच्या हातात अजून सब्बल होती. त्यानं ती उगारली नाही, पण सोडलीही नाही. दुसरा पंजा त्यानं तिरक्या दगडावर ठेवला. "या दगडाची आन हाय. तुया निरोप आला, म्हून हात लावला."

मुरवंडीत दगडाची खोटी आण कोणी घेत नाही. लच्छूनं तो दगड स्वतः खांद्यावरून आणून उभा केला होता, आणि त्यावरच हात ठेवून हा माणूस आपल्या तोंडावर लबाड बोलतो आहे, असं त्याला वाटलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली.

झाडू माझ्याकडे वळला. "भाऊ, सांगा न याले."

एक वाक्य बोलायचं होतं. मी खोटं बोललो, लच्छू मला भेटलाच नाही. बस. पण बाजूला थापा उभे होते, दुसऱ्या दिवशी दोन देश येणार होते, आणि मला माझी नोकरी हवी होती.

"आधी शांत व्हा दोघंही," मी म्हणालो.

झाडू माझ्याकडे बघत असतानाच घाव बसला. मान आणि खांदा यांच्या मध्ये. ओल्या लाकडावर बसतो तसा आवाज झाला. रक्त उडालं ते थेट दगडावर, मग माझ्या शर्टावर. सब्बल सुटली, तिरका दगड परत फिरला आणि खाली पडलेल्या झाडूच्या मांडीवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. झाडूला मात्र तो ऐकू आला नसावा. त्याची नजर माझ्यावरच होती. टाके घातलेला गाल हलत होता, त्याला काहीतरी विचारायचं होतं, आणि तोंडातून नुसतं रक्त येत होतं.

मग लोक लच्छूवर तुटून पडले. काठ्यांनी, दगडांनी, लाथांनी. त्याचे दात पडले, एक डोळा फुटल्यासारखा सुजला, तरी तो हात वर करत नव्हता. "लबाड बोलला," एवढंच म्हणत होता, "दगडावर हात ठेवून लबाड बोलला." एकीकडे भाऊ मरत होता, दुसरीकडे नवऱ्याला मारत होते. सोमारी मधल्या मातीत बसली आणि दोन्ही मुठींनी स्वतःचंच कपाळ फोडू लागली. थापांनी तिचे हात धरले. मी जीपच्या दाराला धरून ओकत होतो.

झाडू दवाखान्यापर्यंत पोचला नाही. या वेळीही माझी मांडी त्याच्या रक्तानं भिजली.

पोलिसांनी मला विचारलं. मी म्हणालो, दोघांचा जुना वाद असावा. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. गुरुवारची भेट आठवडाभर पुढे गेली. खून झालेल्या जागेवरून लाइन कशाला, असं वरून आलं. थापांनी कॉम्प्युटरवर रेष साठ मीटर पूर्वेला सरकवली. माझ्या हातातला चहा निवायच्या आत ते काम झालं.

"मुझे पहले बोल देते, रामटेके जी," ते म्हणाले. "हमारे पहाड़ में भी ऐसे पत्थर हैं।"

मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. मग कळलं की कॉलर माझीच धरायला हवी होती.

बाराव्या दिवशी मी मुरवंडीला गेलो. सोमारी भावाच्या घरी होती, कपाळावर खपली धरलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाला, बिडी, खोटा निरोप. तिनं ऐकलं, उठली आणि हातातली फुंकणी माझ्या तोंडावर मारली. मग पुन्हा मारली. माझा ओठ फाटला. तिसऱ्यांदा तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"मले काऊन सांगून राह्यला?" ती म्हणाली. "थो जेलात बसून रोज म्हनते, झाडू लबाड होता. त्याले जाऊन सांग."

चंद्रपूरच्या जेलात जाळीपलीकडे लच्छू आला. पुढचे दात नव्हते, एक डोळा अर्धा मिटलेला. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं डोकं मागं घेतलं आणि जाळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळाचं कातडं फाटून रक्त नाकावर आलं तेव्हा शिपायांनी त्याला मागं ओढलं.

"मंग तवा काऊन नाई बोलला रे?" शिपायांच्या हातातून तो ओरडत होता. "खराच होता थो! खऱ्या मानसाले मारलं मी!"

शिपाई त्याला आत नेऊ लागले, तेव्हा तो एकदम वळला.

"झाडूचा दगड उभा झाला का?"

"नाही. सोयरा पाहिजे म्हणतात."

"सोयरा मीच हावो. मीच मारलं, अन् मीच सोयरा." तो फाटक्या तोंडानं हसल्यासारखा दिसला. "तू माया नावानं हो म्हनला होता न? मंग आता माया नावानं हात लाव. एकटा लाव. सोमारीले सांग, या वेळी मी खरंच हो म्हनलं."

पोलिसांकडे जाऊन मी जबानी बदलली. नोकरी त्याच आठवड्यात गेली.

सोमवारी सकाळी सगळं गाव मोहाखाली जमलं. खड्डा खणलेला होता. बाजूला झाडूचा दगड आडवा पडलेला, कमरेएवढा. गावाचा पुजारी मुखरू म्हणाला, "आधी बोल."

"लच्छू हो म्हणाला नव्हता," मी म्हणालो. "झाडूनं खरी आण घेतली होती. लबाड मी बोललो. तो मला विचारत होता, तेव्हाही मी बोललो नाही."

कोणी दगड मारेल असं वाटलं होतं. कोणीच हललं नाही. मी "लच्छूच्या नावानं" म्हणालो आणि दगडाला हात लावला.

एकट्यानं सब्बल घालून, मांडीचा आधार देऊन, इंच इंच करत मी तो खड्ड्याच्या तोंडाशी आणला. हाताची सालटी निघाली. शेवटी छाती लावून रेटला, तसा तो एकदम उभा होऊन खड्ड्यात बसला, आणि दगड व कडेला पाचर म्हणून लावलेला धोंडा यांच्यामध्ये माझा डावा पंजा सापडला. दोन बोटं चेचल्याची कळ थेट मेंदूत गेली.

"उचला!" मी किंचाळलो. "हात अडकला! उचला कोणीतरी!"

भोवती चाळीस-पन्नास माणसं उभी होती. त्यांनी दगडाला हात लावायचा नव्हता. मी दगड मागं ढकलला असता तर हात सुटला असता, पण दगड आडवा झाला असता. मी सोमारीकडे पाहिलं. झाडूनं माझ्याकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं असणार.

ती जवळ आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आधी शांत व्हा, भाऊ," ती म्हणाली.

मी उजव्या हातानं दगड धरून ठेवला आणि डावा हात ओढला.