मधोमध ठेवलेलं कपाट

माळ्याच्या तुळईतून पहिला आवाज आला तेव्हा वेणूताईला वाटलं, वर कुणीतरी खुर्ची सरकवली. दुसरा आला आणि तिच्या खांद्यावर लाकडाचा भुसा पडला. तिने मान वर केली. जुन्या सागवानी तुळईला बोटभर चीर गेली होती.

पालेगावची ही जुनी चावडी गावाने मिळून दुरुस्त केली होती, आणि तिच्यातलं वाचनालयही गावच पाळीपाळीने चालवायचं. रविवारची पाळी वेणूताईची. भिंतींचा नवा चुना खरवडला जाऊ नये म्हणून दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या हिंदुरावांनी पुस्तकांचं लोखंडी कपाट माळ्याच्या मधोमध उभं करवलं होतं. सगळा भार त्या एकाच तुळईवर.

वर मुलं वाचत बसली होती, आणि त्यांच्यात गावातले म्हातारे चांगोबाबा. ओरडावं तर मुलं सगळी एकदम धावतील, आणि माळा तिथेच कोसळेल.

ती जिना चढली आणि तोंडावर हसू आणून म्हणाली, "ए, पैज! भिंतीला पाठ लावून एकेकाने खाली यायचं. पाय वाजला तो बाद!"

"जिंकलं तर काय देणार?" उन्नतीने विचारलं.

"आधी ये तर, वकीलबाई!"

मुलं तोंड दाबून उतरली. शेवटच्या सोहमला तिने अंगणात पिटाळलं, तेवढ्यात तुळई पुन्हा कडाडली.

आता वर चांगोबाबा एकटे. कपाटाला टेकून, पेपरच्या ओळीवर बोट फिरवत बसलेले. कानाने ठार बहिरे. अक्षरं म्हातारपणी शिकलेले, त्यामुळे वाचायला बसले की जगाची शुद्ध नसे. हाक पोचणार नव्हती. जवळ जावं तर तुळईवर आणखी एक माणूस.

तिने जिन्यातला मेन स्विच पाडला. माळा अंधारला.

"गेली लाइट! बातमीच्या मधीच जाते मेली!" बाबा कण्हत उठले. उजेड उरला होता तो फक्त जिन्याशेजारच्या खिडकीत. पेपर सावरत ते तिकडे निघाले, मध्येच थांबले, चष्मा पुसू लागले. अखेर ते खिडकीशी आले आणि तिने मनगट धरून त्यांना जिन्यावरून खाली आणलं.

"अगो, मारतीस काय मला? पेपर फाटला ना!"

तिने त्यांचा तळवा तुळईखालच्या खांबावर टेकवला. खांब थरथरत होता. बाबांचा चेहरा उतरला.

"पोरां?"

तिने अंगणाकडे बोट दाखवलं.

"मंग तू कशाला उभी?" म्हणत त्यांनीच तिला दाराकडे ओढलं.

दोघं उंबऱ्याबाहेर पडली आणि मागे कपाट माळ्यासकट खाली आलं. पायांखालची जमीन हादरली. बाबांनी वळून पाहिलं नाही. वेणूताईचा हात मात्र धुरळा बसेपर्यंत सोडला नाही.