हाकेला न उसळणारे शुक्राणू

तंजावूरच्या कॉलेजात पेशींवर संशोधन करणारी चंद्रमती भलत्याच गोष्टीच्या मागे लागली आहे, असं तिचे मार्गदर्शक वेंकटरमण सर सगळ्यांना सांगत. २००२ साल होतं. घरोघरी न चिकटणारे तवे आले होते, आणि तसल्या लेपांच्या कारखान्यांत लागणारं फ्लोरीनयुक्त रसायन पुरुषबीजाला बाधत असणार, असा तिचा संशय होता. पण रसायन घातलेल्या बशीतही शुक्राणू छान पोहत. संख्या ठीक, वेगही ठीक.

"सोड अम्मा हा नाद," सर तमिळ रीतीने लेकीला म्हणावं तसं म्हणत.

ओरत्तनाडू गावाजवळच्या गोठ्यातून वळूचं ताजं वीर्य थर्मासमध्ये घालून ती बसने आणायची. एकदा तिच्या मनात आलं, नुसतं पोहणं कशाला बघायचं? बीजांडाजवळ पोचलेल्या शुक्राणूला मादीच्या संप्रेरकाची हाक येते, तेव्हा तो शेपटी जोरजोरात फटकारतो. तिने दोन्ही बशांत संप्रेरकाचा थेंब सोडला. साध्या बशीत एकच उसळी उठली. रसायनाच्या बशीतले मात्र आपले सरळ पोहत राहिले, जणू बहिरे.

सरांना पटेना. "तुला हवं तेच दिसतंय तुला. उद्या बशा मी भरतो. निम्म्यांत रसायन घालीन. ओळखून दाखव."

दुसऱ्या दिवशी अख्खा विभाग गोळा झाला. सरांनी भरलेल्या सहा बशांत ती एकामागून एक संप्रेरकाचा थेंब सोडून बघू लागली. पहिली बशी बहिरी. दुसरी बहिरी. तिसरी, चौथीही तशीच. चंद्रमतीने मनात मोजलं, सहाच्या निम्म्या तीनच. सर निम्म्यांत म्हणाले होते ना? एखादीला चांगली म्हणून टाकावं, असा मोह तिला झाला. तिने तो आवरला आणि पुढे बघत राहिली. शेवटच्या बशीत शेपट्या चाबकासारख्या कडाडत होत्या.

"सर, एवढी एकच स्वच्छ आहे. बाकी सगळ्यांत रसायन आहे."

सर म्हणाले, "निम्म्यांत म्हणालो ते तुला चकवायला. एकच स्वच्छ ठेवली होती." मग स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मान वर करून म्हणाले, "शोधनिबंध लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरात ती जवळजवळ धावतच शिरली. "अप्पा, जिंकले मी!"

"कोणाला हरवलंस गे?" तिच्या वडिलांनी, गुरुराजांनी, कॉफीचा पेला खाली ठेवला.

ती सांगू लागली. तंजावुरात पिढ्यान्पिढ्या जपलेल्या घरच्या मराठीत शब्द पुरेनात, तमिळ अपुरी पडली, इंग्रजी त्यांना कळेना. अखेर तिने हातच शेपटीसारखा फटकारून दाखवला, तेव्हा अप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.