सवत सारंगा

मित्रांनो, चिचगडच्या या परसात जिच्या पाठीवर बसून तुम्ही घोडा-घोडा खेळता, ती मी एक जुनी ढेंकी आहे. धान कांडायची. गिरणीचा तांदूळ खाणाऱ्यांना माझं नावही ठाऊक नसेल, म्हणून सांगते. एक लांब लाकूड, मधे आस, पुढच्या टोकाला मुसळ आणि मुसळाखाली जमिनीत पुरलेलं उखळ. मागच्या टोकावर बाईने पाय दिला की मी मान वर करते, पाय काढला की मान आपटते. जन्मभर एवढंच केलं. पण जिचा पाय माझ्यावर असे, तिचं मन मला तिच्या तळव्यातून कळे.

तो पाय दुर्पताचा होता. मला बिसरामने, तिच्या नवऱ्याने, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा राज्य गोऱ्यांचं होतं आणि बिसराम गोंदियाला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा. तिथून कोणाच्या तरी नादाने कलकत्त्याला गेला आणि बोटीवर चढला. बोटीच्या पोटातही भट्टी असते म्हणे, तिलाही कोळसा लागतो. चिचगडात समुद्र कोणी पाहिला होता? शेजारची शामकला म्हणायची, "नवेगावच्या तलावाएवढा असंन. अजून केवढा राहते?"

एकट्या बाईचं जिणं कसं असतं, ते शहाण्या माणसांनी माझ्याकडून ऐकावं. छपराची कवेलू, म्हणजे कौलं, स्वतः चढून फेरायची, ताप आला तर आपलं पाणी आपणच तापवायचं. विस्तव मागायच्या निमित्ताने येणाऱ्या बाप्यांना दाराबाहेरूनच वाटेला लावायचं. कुठे बोट बुडाली अशी आवई उठली की हातातल्या बांगड्यांकडे बघत बसायचं. शामकलाचा नवरा दारू पिऊन तिला मारायचा, तरी दुर्पताला तिचा हेवा वाटे. "माराले तरी घरी येते," असं ती एकदा बोलून गेली. ऐकून माझं लाकूड शहारलं.

दीड वर्षाने पहिली चिठ्ठी आली. बिसरामला लिहिता येत नव्हतं, बोटीवरच्या कोण्या नागपूरकडच्या माणसाने ती लिहिली होती. दुर्पतालाही वाचता येत नव्हतं. गावात वाचणारा एक, धानाच्या दुकानात बसणारा टेकचंद. तो कांडणीचं धान घेऊन आला होता. उंबऱ्यावर बसून त्याने मोठ्याने वाचलं :

"सारंगाच्या पसंतीशिवाय बोटीवर कोणी राहत नाही. सारंगाने मला पसंत केले. मी सारंगाजवळच जेवतो, सारंगाजवळच निजतो. सारंगाचा माझ्यावर फार जीव आहे."

टेकचंद क्षणभर थांबला, मिशीत हसला आणि म्हणाला, "बस, पुढे आपला रामराम."

आमच्याकडे सारंगा हे पोरीचं नाव. दुर्पता उठली आणि माझ्यावर येऊन उभी राहिली. उखळाशी धान वर-खाली करायला शामकला बसली. तिला गप्प बसवतं कोण?

"सारंगा! नाव तं मोठं नखऱ्याचं हाये वो. गोरी असंन नाई? बोटीवरची हाये, साबण लावत असंन."

त्या दिवशी मला कळलं, मत्सराचा पाय कसा पडतो ते. ताल सुटला. तांदळाची नुसती कणी होऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या घावाला शामकलाचं बोट माझ्या मुसळाखाली आलं. ती किंचाळली, नख काळंनिळं झालं. दुर्पताने तिच्या बोटाला हळद बांधली, पण तोंडाने म्हणाली, "अजून घे तिचं नाव."

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. गोंदियात धानाची गिरणी सुरू झाली आणि देवरीकडची गाडीगाडी धानं तिकडे वळली, तेव्हा न पाहिलेल्या त्या गिरणीवर मीही जळले होते. न पाहिलेली सवत फार वाईट. तिला जसं मनात आणावं तशी ती देखणी होत जाते.

आठ दिवसांनी दुर्पताने टेकचंदकडून उलट चिठ्ठी लिहवली. "लिव. सारंगाले सोड. नाई सोडत, तं मी पाट लावून दुसऱ्याच्या घरी जातो. मंग रडू नोको."

पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. तो लागला की बिसरामचं घर तिला कायमचं तुटलं. चार महिने उत्तर नाही. तिचा भाऊ लालसिंग हेच बघत होता. देवरीकडचा एक माणूस त्याने ठरवून टाकला. "बोटवाला का येते आता? होळी झाली का पाट लावू," म्हणाला. दुर्पता हो म्हणाली. खरं सांगते, त्या माणसाची तिला तिळमात्र ओढ नव्हती. बिसरामला झोंबावं, एवढंच तिला हवं होतं.

होळी झाली. लालसिंग बैलगाडी घेऊन आला, गाठोडं गाडीत चढलं. तेवढ्यात एक अनोळखी माणूस आवारात शिरला.

"बिसरामचं घर हेच का वो? मी कामठ्याचा बकाराम. त्याच्याच बोटीवर होतो." त्याने पिशवीतून एक हिरवं लुगडं काढलं. "हे सारंगाने धाडलं. म्हने, माह्या सवतीले दे. अन् सांग, तुहा घरवाला मी खाऊन नाई टाकत."

"त्या रांडेची एवढी हिंमत!" दुर्पता कडाडली.

बकाराम हसत हसत माझ्यावरच बसला. "कोनती रांड वो बाई? साठ वर्साचा बुढा हाये, छातीवर दाढी! सारंग म्हंजे आमा खलाशांचा मुकादम. ते नाव नोय, हुद्दा हाये. तुही चिठ्ठी समद्यांसमोर वाचली. सारंग असा हासला का हुक्का उलटला."

"अन् हे?" नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार?

"बिसराम नाई हासला. दोन दिस जेवला नाई. पन काऊन वो, पहिल्याच चिठ्ठीत लिवलं होतं ना, बुढा हाये, लेकासारखा वागवते मनून?"

दुर्पताने टेकचंदला बोलावणं धाडलं. तीच चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "वाच. समदी वाच." त्याने मान खाली घालून वाचली. ती ओळ होती. धडधडीत होती. यानेच गिळली होती!

"गंमत केली, वहिनी."

गंमत! ज्याला चार अक्षरं येतात त्याने, ज्याला येत नाहीत त्याच्या संसाराशी करायची, ती ही गंमत. दुर्पता माझ्या मागच्या टोकावर चढली, मला उचलून धरलं आणि उखळाकडे बोट दाखवलं. "घाल हात. मी बी गंमत करतो."

टेकचंदच्या पायात बळ होतं म्हणून तो कुंपणापलीकडे पोचला. दुर्पताने गाडीतलं गाठोडं उतरवलं. लालसिंग चिडला, "मी तिकडे शब्द देऊन बसलो हावो!"

"तं तूच जाय पाट लावाले. माहा घरवाला जित्ता हाये."

गाडी रिकामी गेली. शामकला कुंपणावरून म्हणाली, "आता तं जीव थंडा झाला? सवत दाढीवाली निघाली."

दुर्पताने त्या लुगड्याची घडी घातली. "दाढी असली मनून का झालं वो? त्याहिच्या ताटाजवळ तं तोच बसते ना. मी कोठं हावो?"



मित्रांनो, पुढे दुर्पता अक्षरं शिकली. टेकचंदकडूनच, त्याला उखळाशेजारी बसवून. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग लिहायचं कसं? म्हणून पहिला शब्द तिने सवतीचा गिरवला. विळ्याच्या टोकाने माझ्या पाठीवर कोरलेला तो अजून आहे, ग थोडा वाकडा. आता गावातच गिरणी आली आहे आणि मला फोडून सरपण करावं, अशी बोलणी कानावर येतात. करा खुशाल. पण आधी जवळ येऊन तो शब्द वाचा. ज्याला वाचता येणार नाही, त्याने कुऱ्हाड खाली ठेवावी आणि आधी शिकून यावं. तुमच्या घरची चिठ्ठी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका रे बाबांनो.

दुर्पता मात्र आलेली प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचू लागली. बोट ठेवून, ओठ हलवत. आणि आधी नवरा बरा आहे का ते बघत नसे, चिठ्ठीत ‘सारंग’ किती वेळा आला ते मोजत असे.